मुराळ्याची गाडी

दहिवली, १२ मार्च १९७४

भिवाजीरावांस, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे सखारामचा, नमस्कार.

पत्राला कारण आहे आणि ते या घटकेला अंगणात उभं आहे. फियाट आली. नंबर लावून इतकी वर्षं लोटली होती की तुमची बहीण म्हणायची, गाडी येईल तेव्हा बसायला आपण असलो म्हणजे मिळवलं. रंग पांढरा, आमच्या गिरणीतल्या पॉलिश मारलेल्या तांदळासारखा. चार दारं. पुढे तीन माणसं, मागे चार, मांडीवरची पोरं वेगळी. गिअर स्टिअरिंगलाच असल्यामुळे पुढच्या तिसऱ्या माणसाच्या गुडघ्यात दांडा येत नाही. डिकीत दोन पोती भात राहतं. हे ऐकीव नाही, गिरणीतल्या जैतूला पोती ठेवायला लावून मी स्वतः बघितलं. सीटवरचं प्लास्टिक गौरा काढू देत नाही. घामानं पाठ चिकटते, पण सीट नवी राहते म्हणते.

आता तुमच्या त्या लाल एम.जी.बद्दल दोन शब्द लिहिले तर राग मानू नये. सन अठ्ठेचाळीसची गाडी. नाक हे एवढं लांब, आणि माणसांना जागा दोन. त्यातही नवरा-बायको बसले आणि वाटेत वाजलं, तर पाठ फिरवून बसायला जागा नाही. डोक्यावर कापडी छप्पर, तेही मनात असेल तर. गौरा एकदाच बसली होती, तर खोपोलीला उतरेपर्यंत अंबाड्याचा पत्ता नव्हता. तुम्ही अख्ख्या खालापुरात गाड्यांचे डॉक्टर, आणि स्वतःच्या घरी हे खेळणं. खरं सांगा, आता पटतं की नाही?

तुमचा,
सखाराम

*

खालापूर, २१ मार्च १९७४

दाजींना भिवाजीचा रामराम. गौराला आणि भाची जयूला आशीर्वाद.

गाडी फार चांगली घेतलीत. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढे मी वाद घालणार आहे.

घाट चढायच्या आधी निम्म्या गाड्या माझ्या गॅरेजच्या दारात पाणी पितात, तेव्हा फियाटची पारख मला आहे. थोरल्या सुनेसारखी गाडी आहे. सगळ्यांचं करते, कमी खाते आणि कुरकुर करत नाही. इंजिन उघडलं की जिथल्या तिथं सगळं दिसतं. ज्यानं आखली त्याला घरात माणसं असतात हे ठाऊक होतं. मी टोपी काढतो त्याच्यापुढे.

पण दाजी, माझी गाडी कामाची नाही म्हणून ती खेळणं होत नाही. तिच्या आधीच्या मालकानं, एका शेठनं, अठ्ठावन्न साली ती माझ्या दारात ढकलत आणली आणि म्हणाला, भिवाजी, हिला तूच ठेव, मला हिचं कौतुक उरलं नाही. तेव्हापासून मी ते करतो आहे. किल्ली फिरवली की आधी पेट्रोलचा पंप टिकटिक करतो. तो थांबला की तिची तयारी झाली. मग स्टार्टर ओढायचा. समोरची काच पुढे पाडायची, म्हणजे बॉनेटवरून वारा सरळ छातीवर येतो. दुसऱ्या गिअरमध्ये घाटात घातली की तिचा आवाज कड्यावर आपटून परत येतो, आणि वाटतं मागून आणखी एक तसलीच गाडी येते आहे. तुमच्या गाडीत बसून माणूस रस्ता बघतो. हिच्यात बसलं की रस्ता अंगाला लागतो. एवढाच फरक, पण मला तेवढा पुरतो.

एक विचारायचं राहिलं. गाडी चालवतं कोण? तुम्ही त्याबद्दल अक्षर लिहिलेलं नाही.

मे महिन्यात जयूला आमच्याकडे पाठवा. तिची मामी सुंदरा वाट बघते आहे. चार गोष्टी शिकेल.

तुमचा,
भिवाजी

*

दहिवली, २० जून १९७४

भिवाजीराव, पावसाच्या तोंडावर पोर सुखरूप पोचली, आणि चांगली तजेलदार होऊन आली. पण तिची नखं काळी झाली आहेत ती साबणानं निघत नाहीत. मामीनं चुलीपुढून हलू दिलेलं दिसत नाही. स्वयंपाक शिकवल्याबद्दल उपकार आहेत, पण आता गॅस घ्या. आणि तुम्ही पेन बदललंत का? गेल्या पत्रात अक्षर एवढं मोठं, आणि ओळी उतारावरून निघाल्यासारख्या.

गाडी चालवायला भिसेगावचा सदू येतो. मला गिरणीच्या व्यापातून सवड कुठली. नाहीतर काय अवघड आहे त्यात.

आता मुख्य गोष्ट. जयूला स्थळ आलं आहे. मुलगा गजानन, भिवपुरीच्या वीजघरात कामाला, राहायला तिथल्याच क्वार्टर्समध्ये. घरात तो आणि आई मैनाबाई. मुलगा शांत, आई जरा कडक, पण माणसं सरळ. जयूची ना नाही.

मला घोर एकाच गोष्टीचा आहे, आणि तो दुसऱ्या कुणाजवळ बोलता येत नाही. लग्न होईल, पण पहिल्या दिवाळीला तिला आणायला जाणार कोण? मुराळी म्हणून भाऊ जातो. तिला ना थोरला, ना धाकटा. बाप गेला तर चालतं म्हणतात, पण बाप आला की सासरचे पाहुणचारात गुंततात, आणि पोरीला तो माहेरचा दंगा मिळत नाही. आमच्या अंबाआत्याला पहिल्या सणाला कुणी आणायला गेलं नव्हतं. ती म्हातारी झाली तरी दिवाळीत दाराकडे तोंड करून बसते. जयूचं तसं होऊ नये.

सखाराम

*

खालापूर, ४ जुलै १९७४

दाजी, मुराळी मी. विषय संपला.

भाऊ नसला तर नसेना, मामा मेला आहे का? पहिल्या दिवाळीला मी माझ्या लाल गाडीतून भिवपुरीला जाणार, कॉलनीच्या फाटकापासून हॉर्न वाजवत. ती आवाजच असा करते की अख्ख्या कॉलनीला कळेल, जयवंताला माहेरचं बोलावणं आलं. तुमच्या फियाटचं हे एक उणं आहे, ती येते कधी ते कळतच नाही. दोन जागांची गाडी म्हणून हसत होतात ना? एक मुराळी आणि एक माहेरवाशीण. तिसऱ्याचं काम काय?

या दिवसांत तुमची गाडी श्रेष्ठ, हे मान्य. काल कापडी छप्पर चढवून चौक गावापर्यंत गेलो तर उजवा खांदा कोरडा आणि डावा भिजलेला. तुम्ही तेव्हा काचा वर करून आत बसला असाल, राजासारखे.

पेन नवीन आहे, अजून हातात बसलेलं नाही. चुलीचं म्हणाल तर आमची चूल धुरकट आहे खरी.

भिवाजी

*

दहिवली, १९ मे १९७५

भिवाजीराव,

लग्न पार पडलं, तुम्ही बोहल्यापाशी पोरीमागे उभे राहिलात, गौराचं मन भरलं. पण तुम्ही येताना गाडी आणली नाही आणि एस.टी.नं आलात, कार्ब्युरेटर खोललाय म्हणालात, तेव्हा माझी थोडी निराशा झाली. मांडवात फियाटशेजारी तिला उभी करून बघायची होती मला. हे मी पहिल्यांदाच कबूल करतो आहे.

आणि तुम्ही हळदीच्या दिवशी उशिरा पोचलात, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही काय झालं ते. लबाड आहात तुम्ही. भटजींना कर्जतच्या बाजारपेठेतून आणायचं होतं आणि सदूचा पत्ता नव्हता. सगळे म्हणाले, सखारामशेठ, तुमीच काढा गाडी. मी किल्ली हातात घेऊन गाडीभोवती एक फेरी मारली. टायर बघितले. आता काय करावं असं झालं असताना जयू पिवळ्या अंगानं घरातून आली, माझ्या हातातली किल्ली काढून घेतली आणि आत बसली. अंबाआत्या ओरडली, "आगं पोरी, हळद लागल्यावर उंबरा वलांडायचा नसतो." तर ही म्हणते, "आत्ये, हे गाडीचं दार हाय, उंबरा नाय."

आणि गाडी मागे घेतली. मांडवाच्या दोन खांबांमधून, भिवाजीराव. पानाला धक्का नाही. सदूला पुढे न्यायला जमत नाही तिथून तिनं मागे नेली. भटजी येऊन बसले तेव्हा त्यांच्या तोंडाला कोरड पडली होती, पण मुहूर्त साधला.

मी रागावलो, नाही असं नाही. मग माझा ऊर असा भरून आला की कुणाला दिसू नये म्हणून गिरणीत जाऊन उभा राहिलो. स्वयंपाक शिकवलात ना? नखं कशानं काळी झाली ते कळलं मला.

भिवपुरीच्या मंडळींना यातलं काही माहीत नाही. ती सगळी दुसऱ्या दिवशी आली.

सखाराम

*

भिवपुरी, २२ ऑगस्ट १९७५

बाबा, तुम्हाला आणि आईला नमस्कार करते आणि लगेच कामाचं लिहिते, कारण सासूबाई शेजारी हळदीकुंकवाला गेल्या आहेत तेवढाच वेळ आहे.

मी बरी आहे. हे चांगले आहेत. सासूबाई कमी बोलतात, पण ताटात वाढताना माझ्या पानाकडे बघतात. गाडीचं मी ह्यांना सांगितलं. हे हसले आणि म्हणाले, आईला इतक्यात सांगू नकोस. म्हणून सांगितलेलं नाही. कॉलनीतून एखादी जीप गेली की माझा पाय आपोआप क्लच दाबायला जातो.

बाबा, मामाला दिवाळीला गाडी घेऊन येऊ देऊ नका. त्याला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. गेल्या वर्षी मला आपली गाडी आणि गॅरेजात आलेली एक फियाटही शिकवली ती हौसेनं, हे खरं, पण नंतर नंतर मीच चालवायची आणि तो शेजारी बसायचा. म्हणायचा, जयू, पुढे काय आहे ते सांगत राहा, मला गोष्ट ऐकल्यासारखं वाटतं. मला कळायला वेळ लागला. लग्नात कार्ब्युरेटर वगैरे काही खोललेला नव्हता. आता तो कुणाला चालवू देत नाही आणि स्वतःला चालवता येत नाही, म्हणून रोज सकाळी अंगणात नुसती सुरू करून ऐकत बसतो, असं मामीनं कळवलं. पण दिवाळीला येणारच म्हणतो. चौकच्या नाक्यावर ट्रकांची रांग असते. मला झोप लागत नाही.

पण त्याला नको म्हणू नका. मुराळी होण्यासाठी तो वर्षभर जगला आहे. काहीतरी युक्ती काढा. तुम्ही मला आणायला या, पण सदूही नोकरी धरून पुण्याला गेला म्हणता. मग कसं येणार?

तुम्ही दोघं गाड्यांवरून भांडता तेव्हा मला हसू येतं, कारण दोन्ही चालवल्या आहेत फक्त मी. फियाट चालवताना मागे कोण कोण बसलं आहे ते सतत आठवतं, आणि गाडी आपोआप हळू होते. मामाची चालवताना कुणीच आठवत नाही. मला दोन्ही पाहिजेत, बाबा.

तुमची जयू

*

दहिवली, ५ सप्टेंबर १९७५

भिवाजीराव, आज तुमच्याशी वाद घालायचा नाही. मागायचं आहे.

मला गाडी चालवता येत नाही. कधीच येत नव्हती. अंगणात पांढरी शुभ्र गाडी, लोक शेठ म्हणतात, आणि सदू गेल्यापासून गौरा तिच्यावर पापड वाळत घालते. एकदा कुणी नसताना किल्ली फिरवली तर ती उडी मारून तुळशीवृंदावनाला टेकली. कुंडी वाचली, माझं अवसान गेलं.

पण मला या दिवाळीला तुमच्याबरोबर पोरीला आणायला यायचं आहे. मुराळी तुम्हीच. तो मान मी घेत नाही. मी नुसता तुमचा ड्रायव्हर. मुराळ्यानं हात मोकळे ठेवून, पाहुण्यासारखं ऐटीत बसून जावं, यात कमीपणा नाही, उलट शोभा आहे. फक्त ड्रायव्हर तयार करायचं काम तुम्हालाच करावं लागेल. दुसऱ्या कुणाकडे शिकायला गेलो तर कर्जतभर होईल. इकडे दहिवलीला येऊन राहता का? फियाट मोकळीच आहे.

सखाराम

*

खालापूर, १३ सप्टेंबर १९७५

दाजी,

जयूनं कळवलं असणार. नाहीतर तुम्ही मला इतकं गोड पत्र लिहिलं नसतंत. हे उत्तरही मी सांगतो आहे आणि सुंदरा लिहिते आहे, तेव्हा आता लपवायचं काय.

समोरून येणारी गाडी मला दिसायच्या आधी ऐकू येते. डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू पिकू दे, मग काढू. तोवर थांबायचं. जन्मभर लोकांच्या गाड्या सुरू करून दिल्या, आणि आता स्वतःची फाटकाबाहेर काढता येत नाही, याचं मला वाईट वाटतं. फार वाटतं. हे लिही म्हणालो तर सुंदरा लिहीत नव्हती.

शिकवतो. पण फियाटवर नाही. तिचा स्टिअरिंगचा गिअर मला कानानं कळत नाही, तो हात बघूनच शिकवावा लागतो. माझ्या गाडीवर या. तिच्या इंजिनाचा आवाज जरा चढला की तुम्ही काय चुकलात ते मला डोळे मिटून सांगता येतं. शिकाऊ परवाना काढा. माझा परवाना आहे, मी शेजारी बसेन. तुम्ही बघायचं, मी ऐकायचं. दोघांचा मिळून एक ड्रायव्हर होईल.

रविवारच्या एस.टी.नं या. येताना गौराच्या हातचे पापड आणा, गाडीवर वाळवलेले असले तरी चालतील.

भिवाजी

*

दहिवली, ८ नोव्हेंबर १९७५

मामी, तुला दिवाळीचा वाकून नमस्कार. तू आली नाहीस, म्हणून सगळं तुला लिहायचं असं मी त्याच दिवशी ठरवलं.

धनत्रयोदशीला सकाळी मी उटणं कालवत होते. फाटकापासून हॉर्न. मी हातातलं तसंच टाकून बाहेर आले. लाल गाडी कॉलनीच्या रस्त्यानं येत होती, आणि चालवत होते बाबा. टोपी उडू नये म्हणून वरून मफलर बांधलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ. शेजारी मामा, नवा कोट, काळा चष्मा, मांडीवर फराळाचा डबा. तो मान तिरकी करून नुसता ऐकत होता आणि म्हणत होता, "दाजी, आता दुसरा टाका. आता सोडा हळूच." सगळी कॉलनी दारात. गाडी आमच्या पायरीपाशी थांबली, बंद न पडता. बाबा लगेच उतरले नाहीत. थोडा वेळ तसेच बसून राहिले. मला माझ्या बापाचा इतका अभिमान आजवर कधी वाटला नव्हता.

चहा झाला, फराळ झाला, माझी पिशवी बाहेर आली. आणि मग सगळे गाडीभोवती उभे राहिले. दोन जागा. बाबांना मामाशिवाय चालवता येत नाही, मामाला बाबांशिवाय दिसत नाही, आणि ज्या पोरीला न्यायला हे दोघे आले तिला बसायला जागा नाही. दीड महिना दोघांनी घाम गाळला, पण हा विचार दोघांच्याही डोक्यात आला नाही. बाबांना फियाटचा गिअर येत नाही, म्हणून ते शिकले त्याच गाडीतून आले.

सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. म्हणाल्या, "एका सुनंला न्यायला दोन मुराळी आलं, आन् सुनंला काय टपावर बसवणार? या गाडीला टप बी नाय."

बाबा गडबडले आणि बोलून गेले, "तसं नाय, विहीणबाई. जयूला चालवता येते. माझ्यापरीस चांगली येते."

 हे माझ्याकडे बघत होते. मी पायाकडे.

सासूबाई म्हणाल्या, "तुला येते?"

म्हटलं, "येते."

"मंग मला कवा सांगितलं नाय ते? आठवड्याच्या बाजाराला मी तास तास एस.टी.ची वाट बघते." आणि मामाच्या हाताला धरून त्याला गाडीतून उतरवलं. "मुराळी राहू द्या आमच्याकडं. जेवून जातील. तू तुझ्या बाला घेऊन जा, आन् मोठी गाडी घेऊन ये. आमी सगळी येतो."

मामा ओट्यावर बसला तो असा खुशीत, जणू त्यालाच सासर मिळालं. मी पदर खोचला आणि किल्ली फिरवली.

त्या दिवशी मी मग फियाट घेऊन परत गेले, आणि मामा, हे, सासूबाई आणि शेजारच्या दोघी असे सगळे कसे आलो, सासूबाई वाटेत कशा गाडीची एकेक वस्तू हात लावून बघत होत्या, ते तुला मामा सांगेलच. तो आता फियाटची इतकी तारीफ करतो की बाबाच लाल गाडीची बाजू घेऊन भांडतात.

पण मधला रस्ता, मी आणि बाबा दोघंच होतो तो, मी कुणाला सांगितलेला नाही. भाताची कापणी चालली होती. काच पाडलेली होती. गाडी अशी चालली होती, मामी, की मी सगळं विसरले. थोड्या वेळानं बघितलं तर बाबा मफलरनं डोळे पुसत होते.

म्हणाले, "जयू, जरा हळू चालव."

मी विचारलं, "भीती वाटते का?"

म्हणाले, "नाय गं. घर लवकर येईल."

तुझी,
जयू